अभिजात कादंबरी ऐकायला घेताना: पुस्तक, प्रत आणि आवाज कसा निवडायचा

'मरण्याआधी वाचायलाच हव्यात' छापाच्या याद्या ऐकणाऱ्याच्या फारशा उपयोगाच्या नसतात. त्या छापील पुस्तक समोर धरून केलेल्या असतात. वाचताना एखादं नाव विसरलं तर आपण चार पानं मागे जातो, रेंगाळणारा परिच्छेद नजरेखालून झरकन काढतो, तळटीप बघतो, प्रकरण संपायला किती पानं उरलीत ते चाळून घेतो. ऐकताना यातलं काहीच सहज होत नाही. हात कामात गुंतलेले असतात आणि आवाज पुढे जात राहतो. म्हणून ऐकण्यासाठी कादंबरी निवडताना पहिला प्रश्न असा: हे पुस्तक मला किती वेळा मागे वळायला लावेल? थोर पण सारखं मागे वळायला लावणारं पुस्तक सुरुवातीला घेतलं की तिसऱ्या दिवशी ते बंद पडतं, आणि 'मला ऐकायला जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

खाली सगळं पायरी-पायरीने दिलं आहे. पहिली अभिजात कादंबरी ऐकणार असाल किंवा एखादी अर्ध्यावर सोडली असेल, तर याच क्रमाने जा. एक खुलासा आधीच: 'अभिवाचक' म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारी व्यक्ती आणि 'निवेदक' म्हणजे कादंबरीच्या आत गोष्ट सांगणारं पात्र.

हाताशी काय हवं

- वेग बदलता येणारं, 15 किंवा 30 सेकंद मागे जाता येणारं, खूण ठेवता येणारं आणि स्लीप टायमर असलेलं ऑडिओबुकचं अ‍ॅप. गाण्यांचं अ‍ॅप वापरू नका. ते थांबलेली जागा लक्षात ठेवतंच असं नाही, आणि शफल चालू राहिलं असेल तर सातव्या प्रकरणानंतर एकतिसावं लागतं.
- फोनमध्ये मोकळी जागा. 64 केबीपीएसच्या (हे आवाजाच्या दर्जाचं माप) एमपीथ्री फाइलला तासाला साधारण 29 एमबी लागतात, 128 केबीपीएसला 58 एमबी. 20 तासांची कादंबरी म्हणजे अनुक्रमे 580 एमबी किंवा 1.15 जीबीच्या आसपास. नुसत्या आवाजाला 64 पुरतं.
- त्याच पुस्तकाचा मजकूर, छापील किंवा डिजिटल. रोज उघडायचा नाही, पण अडल्यावर हाताशी हवा.
- एक कागद. पात्रांची नावं लिहायला. हा कागद टाळू नका, पुढे त्याबद्दल सविस्तर आहे.

1. आधी तुमचा वेळ मोजा, मग पुस्तकाचा

आठवड्यात खरोखर किती तास ऐकणं होईल ते लिहून काढा. चालणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या, सरावाच्या रस्त्यावरचा प्रवास: ही कामं चालतात, कारण त्यात शब्द लागत नाहीत. ईमेल, हिशेब, मेसेजला उत्तरं देणं यात चालत नाही. मेंदूचा भाषेचा भाग एका वेळी एकच मजकूर नीट धरतो, त्यामुळे 'ऐकत ऐकत काम केलं' म्हणताना दहा मिनिटांची गोष्ट निसटलेली असते. अनोळखी रस्त्यावर गाडी चालवत असाल तर गोष्टही निसटते आणि रस्त्यावरचं लक्षही.

आता पुस्तकाची लांबी. इंग्रजी अभिवाचनाचा वेग तासाला साधारण 9,300 शब्द धरतात. त्या हिशेबाने 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' सहा-सात तास, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 12-13 तास, 'जेन एअर' 19 ते 20, 'मिडलमार्च' 35, 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' 50 च्या आसपास आणि 'वॉर अँड पीस' 60. मराठी पुस्तकासाठी हाच आकडा वापरू नका. शब्दांची लांबी वेगळी, छपाई वेगळी. त्याऐवजी पुस्तकातलं एक भरलेलं पान घाई न करता मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. अडीच मिनिटं लागली तर 300 पानांची कादंबरी साडेबारा तासांची.

पहिलं पुस्तक दोन ते तीन आठवड्यांत संपेल असं निवडा. आठवड्याला चार तास मिळत असतील तर 12 तासांच्या वर जाऊ नका. यापेक्षा जास्त ताणलं तर सुरुवातीची पात्रं आठवेनाशी होतात, आणि अभिजात कादंबऱ्यांमध्ये सुरुवातीलाच दिसलेला माणूस शेवटी परत येण्याचं प्रमाण फार आहे.

2. कानाला सोपी रचना ओळखायला शिका

निवडीचा सगळा भार या पायरीवर आहे. पुस्तकाची कीर्ती बाजूला ठेवा आणि चार गोष्टी तपासा.

पहिली, गोष्ट कोण सांगतंय. 'मी'ने सांगितलेली कादंबरी ऐकायला सर्वांत सोपी जाते, कारण ती मुळातच बोललेली असते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिकत आहे. छापील पानावर जुनी आणि लांब वाटणारी तिची वाक्यं कानाला घरातल्या बाईच्या बोलण्यासारखी लागतात. 'बनगरवाडी'तला धनगरवस्तीवर आलेला मास्तर, 'रणांगण'मधला बोटीवरचा चक्रधर, 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर, हे सगळे 'मी' म्हणून बोलतात. 'कोसला'ची तर मजाच आवाजात आहे. तिचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' चांगल्या अभिवाचकाच्या तोंडी जिवंत होतात. इंग्रजीत 'जेन एअर', 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', 'ट्रेझर आयलंड' आणि वॉटसनने सांगितलेल्या शेरलॉक होम्सच्या गोष्टी याच जातीच्या.

दुसरी, ती आधी हप्त्यांनी छापली होती का. हप्त्यांच्या कादंबरीत लेखकाला माहीत असतं की वाचक पुढच्या अंकापर्यंत थांबणार आहे. म्हणून प्रकरणाच्या शेवटी ओढ असते, नवं प्रकरण सुरू होताना मागचं थोडं आठवून दिलेलं असतं आणि पात्रांना चटकन ओळखू येणारी लकब असते. तुम्हीही तुकड्यातुकड्यानेच ऐकणार आहात, त्यामुळे ही बांधणी तुमच्या कामाची. 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' 1860 ते 1861 मध्ये साप्ताहिकातून आली, 'द मूनस्टोन' 1868 मध्ये, 'मॉन्टे क्रिस्टो' 1844 पासून पॅरिसच्या वृत्तपत्रातून. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा लेखक डिकन्स तर स्वतः रंगमंचावर उभा राहून आपल्या पुस्तकांतले प्रसंग वाचून दाखवत असे. त्याची वाक्यं तोंडात बसतात ती उगाच नाही.

तिसरी, काळ सरळ पुढे जातो का. एका माणसाचं बालपण, तरुणपण, पुढचं आयुष्य अशी सरळ रेघ असेल तर मधली पाच मिनिटं हुकली तरी धागा सापडतो.

चौथी, प्रकरणं केवढी आहेत. तुमचा चालण्याचा फेरा अर्ध्या तासाचा असेल तर 10 ते 25 मिनिटांची प्रकरणं आदर्श. 'श्यामची आई' या दृष्टीने जवळजवळ कानासाठीच लिहिलेली आहे: आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. एका बैठकीला एक रात्र. याउलट 'द ओल्ड मॅन अँड द सी' जेमतेम अडीच-तीन तासांची आहे, पण तिच्यात प्रकरणंच नाहीत. ती मोकळ्या दुपारी सलग ऐका.

या चारांपैकी तीन गोष्टी जुळल्या की पुस्तक पहिल्या फेरीत घ्यायला हरकत नाही. चारही जुळायची वाट बघू नका.

एक सापळा इथेच सांगतो. 'मी' बोलतोय म्हणजे शेवटपर्यंत तोच 'मी' असेल असं नाही. 'ट्रेझर आयलंड'च्या 34 प्रकरणांपैकी 16 ते 18 ही तीन प्रकरणं निवेदक जिमऐवजी डॉक्टर सांगतो. पानावर प्रकरणाच्या मथळ्यातच ते लिहिलेलं असतं. ऐकताना तो मथळा हॉर्नच्या आवाजात गेला तर पुढचा पाऊण तास जिमच बोलतोय असं वाटत राहतं आणि काहीच जुळत नाही. 'ययाति'मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. 'मृत्युंजय'चे नऊ खंड आहेत; कर्णाशिवाय कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांचे. अशा पुस्तकांत प्रत्येक खंडाची पहिली दोन मिनिटं हातातलं काम थांबवून ऐका. कोण बोलतंय हे एकदा पक्कं झालं की पुढे अडचण येत नाही, उलट निरनिराळे 'मी' ऐकण्यात वाचण्यापेक्षा जास्त रंगत येते.

3. ही पुस्तकं आत्ता बाजूला ठेवा

पुस्तकं वाईट म्हणून हे सांगत नाही. त्यांतलं काहीतरी पानावरच राहतं, किंवा कान तयार झाल्याशिवाय ती पेलत नाहीत.

'ट्रिस्ट्रम शँडी'त एक पान पूर्ण काळं आहे, एक कोरं आहे, एका ठिकाणी कथानकाची वाकडीतिकडी रेघ काढली आहे. हे कुणी वाचून दाखवणार कसं? 'द साउंड अँड द फ्युरी'च्या पहिल्या भागात काळ क्षणात मागेपुढे उडी मारतो आणि ती उडी अनेकदा फक्त तिरप्या टाइपावरून कळते. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन'मध्ये नायकाची बुद्धी वाढताना त्याचं शुद्धलेखन सुधारत जातं. कानाला 'ळ'च्या जागी 'ल' कळेल, पण इंग्रजी स्पेलिंगची चूक कळत नाही. ही पुस्तकं वाचावीत, किंवा मजकूर समोर धरून ऐकावीत.

नावांचा गुंता ही दुसरी अडचण. 'वुदरिंग हाइट्स' लांबीने मध्यम आहे, पण तिच्यात दोन कॅथरीन आहेत, आई आणि मुलगी. लिंटन हे एका घराण्याचं आडनाव आहे आणि नायक हीथक्लिफच्या मुलाचं पहिलं नावही. वर गोष्टीत गोष्ट: भाडेकरू लॉकवुड सांगतोय की नेली डीनने त्याला काय सांगितलं. वंशावळीचा कागद समोर असेल तर अवश्य घ्या, नसेल तर तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापर्यंत थांबा.

रशियन कादंबऱ्यांत एका माणसाला चार नावं असतात. 'द ब्रदर्स करामाझोव्ह'मधला दिमित्री कुणाच्या तोंडी दिमित्री फ्योदोरोविच असतो, कुणाच्या तोंडी मित्या, कुणाच्या मितेंका. अलेक्सेईचा अल्योशा होतो. पहिल्या तासाभरात हे न समजल्यामुळे रशियन पुस्तकं सोडून देणारे पुष्कळ आहेत. उपाय पायरी 8 मध्ये आहे. तोवर या परंपरेची चव घ्यायची असेल तर 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' घ्या: 12 छोटी प्रकरणं, मोजकी माणसं, एका संध्याकाळीही संपेल.

आणि 'युलिसिस'? हे पुस्तक ऐकायला घेणारे धाडसी असतात, पण मार्ग चुकीचा नाही. शेवटचं विरामचिन्हांविना लिहिलेलं प्रकरण पानापेक्षा आवाजात सहज उलगडतं. आयर्लंडच्या नभोवाणीने 1982 मध्ये त्याचा लेखक जॉइसच्या जन्मशताब्दीला ते अख्खं सादर केलं होतं, जवळपास 30 तास. मात्र ते पहिलं पुस्तक नव्हे, दहावंही नव्हे.

4. कुठल्या भाषेतून, कुणाचा अनुवाद

मराठी कादंबरी मराठीतूनच ऐकायची, तिथे प्रश्न नाही. बोलीचा मात्र आहे: 'बनगरवाडी'तले संवाद माणदेशी आहेत. अभिवाचकाला ती बोली येत नसेल तर सगळी माणसं एकाच सुरात बोलतात आणि पुस्तकाचा जीवच जातो. नमुना ऐकताना संवादाचा तुकडा शोधा.

इंग्रजी कादंबरी मूळातून ऐकायची असेल तर एक चाचणी करा. मजकूर न बघता दहा मिनिटं ऐका, मग काय घडलं ते चार वाक्यांत मराठीत लिहा. लिहिता आलं तर पुढे जा. नाही आलं तर कथानक आधीपासून माहीत असलेली कादंबरी घ्या, किंवा पहिली तीन प्रकरणं मजकूर समोर ठेवून ऐका. एकोणिसाव्या शतकातली वाक्यं लांब असतात, पण त्यांची चाल साधारण दोन तासांत कानाला सरावते. त्याआधी हार मानू नका.

तिसऱ्या भाषेतलं पुस्तक, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, अनुवादातूनच येणार. इथे कुठला अनुवाद हे पाहणं सक्तीचं समजा. मोफत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांत जुने अनुवाद असतात, कारण नव्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. जुना म्हणजे वाईट असं नाही: टॉलस्टॉयसाठी लुईस आणि एल्मर मॉड यांचा अनुवाद आजही चांगला आहे, दोस्तोयेव्हस्कीसाठी कॉन्स्टन्स गार्नेट यांचा सुबोध आहे. पण ज्यूल व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीचा 1870 च्या दशकातला मर्सिए यांचा इंग्रजी अनुवाद घेऊ नका. त्यात मूळ मजकुराचा मोठा भाग गाळलेला आहे आणि शास्त्रीय तपशिलात चुका आहेत. 'मॉन्टे क्रिस्टो'चा 1846 चा प्रचलित इंग्रजी अनुवाद त्या काळच्या संकोचाने सौम्य केलेला आहे. रॉबिन बस यांचा 1996 चा अनुवाद पूर्ण आहे. अ‍ॅपवर अनुवादकाचं नावच दिलेलं नसेल तर ती प्रत सोडा.

5. संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे तासांवरून ताडा

वर्णनात 'अनअब्रिज्ड' असा शब्द हवा. 'अब्रिज्ड' म्हणजे कापलेलं. 'ड्रामाटाइज्ड' म्हणजे नाट्यरूपांतर, त्यातही बहुधा निवेदनाचा बराच भाग गेलेला असतो. दोन्ही प्रकार आपापल्या जागी ठीक, पण ते ऐकून कादंबरी ऐकली असं म्हणता येत नाही.

काही ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं. मग हिशेब करा: शब्दसंख्या भागिले 9,300. 'मॉन्टे क्रिस्टो'चे इंग्रजीत साडेचार लाखांहून अधिक शब्द आहेत. समोरची प्रत 17 तासांची दिसली तर तीनातले दोन भाग गायब आहेत. अभिवाचकाच्या वेगामुळे दहा-पंधरा टक्के फरक पडू शकतो, त्याहून जास्त पडला तर शंका घ्या.

प्रकरणांची संख्याही ताडून बघा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या अनेकदा तीन खंडांत निघत आणि प्रत्येक खंडात प्रकरण पुन्हा एकपासून सुरू होई. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सलग मोजली तर 61 प्रकरणांची, खंडांत मोजली तर 23, 19 आणि 19. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये आणखी पेच आहे: 1818 ची पहिली आवृत्ती आणि 1831 ची लेखिकेनेच बदललेली आवृत्ती अशा दोन संहिता आहेत. समोर एक मजकूर आणि कानात दुसरा असं झालं तर तुमचं काही चुकलेलं नसतं.

6. आवाज: दुकानातल्या नमुन्यावर थांबू नका

अ‍ॅपवरचा पाच मिनिटांचा नमुना बहुतेक वेळा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो, म्हणजे वर्णनाचा. वर्णन कुणीही बरं वाचतं. कस लागतो तो संवादात.

याचा सराव फुकटात करता येतो. लिब्रिवॉक्स या मोफत ऑडिओबुकच्या संकेतस्थळावर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वेगवेगळ्या अभिवाचकांनी वाचलेली आहे. त्यांपैकी तिघांचं पहिलं प्रकरण लागोपाठ ऐका, प्रत्येकी सहाएक मिनिटांचं काम. त्या प्रकरणात नवरा-बायकोचा संवाद आहे आणि 'तो म्हणाला, ती म्हणाली' फार कमी वेळा येतं. डोळे मिटून ऐका. कोण बोलतंय हे प्रत्येक वाक्याला कळतं का? नवऱ्याची चेष्टा ऐकू येते, की तोही बायकोइतकाच गंभीर वाटतो? बायकोचा आवाज किंचाळा होतो का? किंचाळा आवाज सहा मिनिटं गमतीचा वाटतो आणि बारा तास छळतो. तिन्ही ऐकून झाले की तुम्हाला कसा आवाज चालतो ते नेमकं कळेल, आणि ती ओळख पुढच्या प्रत्येक निवडीत उपयोगी पडेल.

आणखी तीन गोष्टी पाहा. वाक्याच्या शेवटी आवाज इतका खाली जातो का की रस्त्यावर शेवटचे दोन शब्द हरवतात? श्वास, तोंडाचे आवाज खटकतात का? 1.25 पट वेगाला उच्चार स्वच्छ राहतात का?

एकाने वाचलेलं की अनेकांनी? पहिल्या पुस्तकाला एकच अभिवाचक बरा, कान त्याच्याशी जुळतो. 'ड्रॅक्युला' आणि 'द मूनस्टोन' हे ठळक अपवाद. ही पुस्तकं रोजनिशी, पत्रं आणि निरनिराळ्या माणसांच्या जबान्यांची बनलेली आहेत, तिथे वेगवेगळे आवाज गोष्ट सोपी करतात. स्वयंसेवकांनी प्रकरणं वाटून घेऊन वाचलेल्या प्रतीत मात्र दर प्रकरणाला आवाज, उच्चार आणि ध्वनीचा दर्जा बदलतो, आणि त्याचा गोष्टीशी काही संबंध नसतो. लिब्रिवॉक्सवर 'सोलो' असं लिहिलेली प्रत शोधा.

यंत्राने वाचलेली पुस्तकं आता सर्रास दिसतात. बातमीला तो आवाज चालून जातो. कादंबरीत उपरोध, संकोच, अर्धवट तोडलेलं वाक्य हे सगळं यंत्र सरळ करून टाकतं. अभिवाचकाचं नाव नसेल किंवा फक्त 'डिजिटल व्हॉइस' लिहिलं असेल तर अभिजात कादंबरीसाठी ती प्रत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

निःशंकपणे सुचवावीत अशी काही इंग्रजी ध्वनिमुद्रणं: 'मिडलमार्च' आणि जेन ऑस्टेनसाठी ज्युलिएट स्टीव्हन्सन, 'जेन एअर'साठी थँडीवे न्यूटन, 'वॉर अँड पीस'साठी नेव्हिल जेसन. सगळी संपूर्ण आहेत.

7. पुस्तक मिळवणं

लिब्रिवॉक्स 2005 पासून चालू आहे, सगळं स्वयंसेवकांचं काम आणि पूर्ण मोफत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे हक्क संपलेलीच पुस्तकं तिथे असतात. बहुतांश इंग्रजी, थोडी इतर भाषांतली. मजकुरासाठी प्रोजेक्ट गटेनबर्ग, 1971 पासूनचा प्रकल्प. लिब्रिवॉक्सच्या पानावर नेमका कुठला मजकूर वाचला त्याचा दुवा बहुधा दिलेला असतो, तोच उघडा म्हणजे प्रकरणं जुळतात. मराठी अभिवाचनं स्टोरीटेलसारख्या सशुल्क अ‍ॅपवर मिळतात. पैसे भरण्याआधी चाचणीचा काळ असेल तर तो नमुने ऐकण्यात घालवा, एकच पुस्तक धरून बसू नका.

फाइली स्वतः उतरवून घेतल्या तर दोन गोष्टी बिघडतात. नावांत 1, 2, 10 असे आकडे असतील तर काही अ‍ॅप 1 नंतर 10 लावतात. म्हणून 01, 02 किंवा मोठ्या पुस्तकाला 001, 002 अशी नावं हवीत. आणि फोनची बॅटरी वाचवण्याची सोय अ‍ॅपला मध्येच बंद करते, थांबलेली जागा जाते. त्या अ‍ॅपपुरती ती सोय बंद ठेवा. एमफोरबी प्रकारची फाइल मिळाली तर ती घ्या: अख्खं पुस्तक एकाच फाइलमध्ये आणि आत प्रकरणांच्या खुणा.

8. पहिला तास

सुरुवातीलाच विद्वानाची प्रस्तावना असेल तर ती सरळ सोडा. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना कथानक माहीत आहे असं धरून लिहिलेल्या असतात आणि शेवट फोडून टाकतात. पुस्तक संपल्यावर त्या ऐका, तेव्हा फार छान लागतात. 'मोबी डिक'च्या आधी व्हेलविषयीच्या अवतरणांचा लांबलचक संग्रह आहे, तोही ओलांडून पहिल्या प्रकरणावर जा. 'ले मिझराब्ल'मध्ये मात्र असं करू नका. पहिला पुस्तकभाग सगळा बिशपचा आहे, नायक ज्याँ व्हाल्ज्याँ नंतर येतो. बिशप कोण हे न कळता पुढचा प्रसंग पोकळ वाटेल.

पहिला तास फिरत फिरत ऐकू नका. एका जागी बसा, कागद घ्या आणि नावं लिहा: पूर्ण नाव, लाडाचं नाव, कोणाचा कोण, आणि ओळखीची एक खूण. उदाहरणार्थ 'क्राइम अँड पनिशमेंट'साठी 'रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह = रोद्या; विद्यार्थी'. ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा, स्पेलिंगच्या मागे लागू नका. आठ-दहा नावं झाली की फोटो काढून फोनमध्ये ठेवा. तयार याद्या शोधायला गेलात तर 'पुढे खून होतो' असं त्यांत लिहिलेलं सापडतं, म्हणून यादी स्वतःचीच करा.

वेग पहिला तासभर 1 ठेवा. नंतर 1.1, मग 1.25. अनोळखी भाषाशैलीत 1.5 च्या वर गेलात तर घटना कळतात, पण वाक्याची लय जाते. 20 तासांचं पुस्तक 1.25 ने 16 तासांत होतं, तेवढी बचत पुरे.

रोज सुरू करताना दोन मिनिटं मागे जा. झोपताना ऐकत असाल तर टायमर 15 मिनिटांचा लावा आणि सुरू करण्याआधी खूण ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या खुणेपासून ऐका, आठवतंय असं वाटलं तरी.

9. सोडायचं कधी आणि पुढे काय घ्यायचं

पुस्तकाच्या दहाव्या हिश्शापर्यंत जा, 12 तासांचं असेल तर सव्वा तास. तोवर मन लागलं नाही तर आधी आवाज बदलून पाहा, तीच कादंबरी दुसऱ्या अभिवाचकाकडून. तरीही नाही तर मजकूर उघडून पाच पानं वाचा. वाचताना आवडलं तर ते पुस्तक तुमच्यासाठी डोळ्यांचं आहे. वाचतानाही नाही आवडलं तर निःसंकोच सोडा.

दुसरं पुस्तक पहिल्याच लेखकाचं किंवा त्याच अभिवाचकाचं घ्या, सवय अर्धी झालेली असते. तिसऱ्याला लांबी दुप्पट करा. चौथं अनेक निवेदकांचं. 30 तासांच्या वरचं पुस्तक यानंतर, आणि तेही भागांत तोडून: 'मिडलमार्च' आठ भागांची आहे, 'अ‍ॅना कॅरेनिना'ही आठच. दोन भागांनंतर वाटल्यास मध्ये एखादी छोटी कादंबरी ऐका, मात्र वेगळ्या भाषेतली, म्हणजे दोन्हींची माणसं डोक्यात एकमेकांत मिसळणार नाहीत. नावांचा कागद मोठ्या पुस्तकात दर भागाच्या शेवटी पुरा करा आणि त्याच कागदावर एका ओळीत लिहा की भाग संपला तेव्हा कोण कुठे होतं. महिनाभर खंड पडला तरी ती ओळ वाचून पुढचं प्रकरण लावता येतं.